सातबाऱ्यावरचे नाव : विटनेरपासून शहाद्यापर्यंत



मी पंडित नव्हे. माझी शाळा सातवीपाशी संपली. पुढचे जे काही शिकलो ते सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर आणि जिनिंगच्या दारापुढच्या सभांत. तीस वर्षे मजुरांची संघटना बांधताना एक गोष्ट मला पक्की कळली. मालकाशी तंटा केवढाही मोठा असो, त्याचा उगम हजेरीपत्रकात असतो. मस्टरवर ज्याचे नाव नाही, त्याने वीस वर्षे घाम गाळला तरी कायद्याच्या लेखी तो कामावर आलेलाच नसतो. आज मी शेतीच्या मस्टरविषयी बोलणार आहे. त्या मस्टरला आपण सातबारा म्हणतो.

खानदेशचा इतिहास सांगणारे बहुधा कापसापासून आरंभ करतात, आणि ते योग्यच आहे. 1861 साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस विलायतेला मिळेनासा झाला आणि आपल्या काळ्या जमिनीतल्या बोंडाला सोन्याचा भाव आला. त्याच दशकात आगगाडी भुसावळपर्यंत आली. मागाहून जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने उभे राहिले. या कथेत व्यापारी आहेत, इंग्रज कलेक्टर आहेत, गिरणीमालक आहेत. परंतु बोंड काही आपोआप फुटून गाठोड्यात येत नाही. ते एकेक करून वेचावे लागते, आणि खानदेशात ही वेचणी पिढ्यान्‌पिढ्या बाईनेच केली. निंदणी तिची, वेचणी तिची, बियाणे राखेत घालून जपून ठेवणे तिचे. माझी आई दुसऱ्याच्या वावरात कापूस वेची. तिच्या ओटीचे वजन तराजूत मोजले जाई. तिचे नाव मात्र मी कोठल्याही कागदावर पाहिले नाही, मतदारयादी सोडून.

असोद्याची लेक बहिणाबाई चौधरी (1880–1951) हिला अक्षरओळख नव्हती. शेतात आणि जात्यावर तिने रचलेली गाणी तिच्या मुलाने जपली आणि 1952 साली छापली, म्हणून ती आपल्याला कळली. शेतीची एवढी जाणकारी शेतीच्या पुस्तकांतही क्वचित सापडेल. मी स्वतःला विचारतो की, ज्यांची गाणी कोणी लिहून घेतली नाहीत अशा किती जाणत्या बायका या तापीकाठच्या मातीत नाव न ठेवता गेल्या असतील?

आता मुख्य प्रसंगाकडे येतो. 1986च्या नोव्हेंबरात नाशिक जिल्ह्यातील चांदवड येथे शेतकरी संघटनेचे महिला अधिवेशन भरले. लाखाच्या वर बाया तेथे जमल्या होत्या. पुढे तीनचार वर्षांत त्या संघटनेचे नेते शरद जोशी यांनी ‘लक्ष्मीमुक्ती’चा कार्यक्रम दिला. त्यांचा हिशोब सरळ होता. शेतकऱ्याला घामाचे दाम मिळत नाही म्हणून तो सरकारकडे बोट दाखवतो. मग त्याच्याच घरात जी आयुष्यभर राबली तिचे देणे कोण देणार? नवऱ्याने आपल्या जमिनीतला काही भाग बायकोच्या नावावर करावा, आणि ज्या गावात अशी शंभर घरे निघतील ते गाव लक्ष्मीमुक्त म्हणावे.

या हाकेला ज्या गावांनी ओ दिली त्यांत आपल्या जळगाव जिल्ह्यातले विटनेर अग्रभागी होते. 1990च्या सुमारास तेथे सव्वाशेच्या घरात बायकांच्या नावावर जमीन झाली. आरक्षणाचा कायदा यायच्या आधी त्या गावाने सगळी ग्रामपंचायतही बायकांच्या हाती दिली. मी तेव्हा विशीतला पोर होतो, आणि लाल बावट्याखाली वाढलेला. जमीनवाल्यांच्या संघटनेकडे आम्ही वाकड्या नजरेने पाहत असू. आज कबूल करतो की, आमच्या सभांत जे नुसते बोलले जाई, त्यातले थोडे त्या गावाने तलाठ्याच्या दप्तरात करून दाखवले.

या जमिनीवर काय पिकवावे, याचेही एक उत्तर त्या चळवळीने दिले. त्याला ‘सीताशेती’ असे नाव होते. विकतचे खत नको, विकतचे औषध नको. घरचे बी, घरचे खत, आणि आधी घरापुरते धान्य-भाजीपाला. आज ज्याला सेंद्रिय शेती म्हणतात ती हीच. नावही विचारपूर्वक घेतलेले होते. सीता भूमीची कन्या, नांगराच्या तासात सापडलेली; आणि घरातून बाहेर काढल्यावर जिला पाय ठेवायला स्वतःची वीतभर जागा नव्हती, तीही सीताच.

येथे मला एक इशारा द्यावासा वाटतो. विषमुक्त शेती बाईच्या स्वभावातच असते, असे गोड बोलून पुष्कळ जण टाळ्या घेतात. मला ते पटत नाही. तणनाशक बंद केले की निंदणी वाढते, आणि निंदायला खाली कोण वाकते ते आपण सर्व जाणतो. वावर नवऱ्याचे आणि शेती सेंद्रिय, एवढेच झाले तर बाईच्या पदरात फक्त जास्तीची कंबरदुखी पडते. वावर तिचे असेल तेव्हाच त्या जास्त मेहनतीचा मोबदला तिचा. म्हणून नाव आधी, पीक मागाहून.

हे केवळ आपल्याकडचेच सत्य नव्हे. दक्षिण अमेरिकेतल्या पेरू देशात 2004च्या सुमारास काहीशे कॉफीउत्पादक बायकांनी आपला सेंद्रिय माल पुरुषांच्या मालात न मिसळता वेगळा विकायला सुरुवात केली. कॉफी तीच, डोंगर तोच. फरक एवढाच की, पोत्यावर आणि पैशाच्या हिशोबात त्यांचे नाव आले. आमच्या बाईचा कापूस मात्र मार्केट यार्डात नवऱ्याच्याच नावाने उतरतो.

लक्ष्मीमुक्तीची एक मर्यादाही सांगितली पाहिजे. ज्याच्याकडे जमीन आहे तोच ती देऊ शकतो. शहादे-तळोद्याच्या भिल्ल बायकांचे काय? तेव्हा तो मुलूख धुळे जिल्ह्यातच होता. नंदुरबार वेगळा झाला 1998 साली. तेथे 1972 साली श्रमिक संघटना उभी राहिली. अंबरसिंग सुरतवंतींसारख्या आदिवासी पुढाऱ्यांनी गेलेल्या जमिनीचा आणि मजुरीचा प्रश्न हाती घेतला, आणि बायकांनी दारूचे गुत्ते फोडले. त्यांना जमीन कोणी प्रेमाने देणार नव्हते. त्यांना ती भांडूनच मागावी लागली. वनहक्काचा कायदा 2006 साली झाला, त्यात विवाहितांचा पट्टा नवराबायको दोघांच्या नावे देण्याची तरतूद आली. विटनेरला जे मनाच्या मोठेपणावर अवलंबून होते, ते येथे कायद्याचे कलम झाले.

राज्य सरकारनेही 1992 साली लक्ष्मीमुक्तीच्याच नावाने योजना काढली : नवऱ्याने अर्ज करावा आणि सातबाऱ्यावर पत्नीचे नाव सहहिस्सेदार म्हणून लावून घ्यावे. 2005 साली वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीचा हक्क देशभर मुलाच्या बरोबरीचा झाला. एवढे होऊनही 2015-16च्या कृषिगणनेत देशातील शेतीधारकांत बायका सुमारे 14 टक्केच भरल्या. कायदा दप्तरात पोहोचला. ओसरीवर पोहोचायचा आहे.

नाव नसल्याची किंमत काय ते मला सभेत एका बाईने सांगितले. नवरा कर्जापायी गेला. सोसायटीत गेली तर म्हणाले, तुम्ही सभासद नाही. तलाठ्याकडे गेली तर फेरफाराला दिरांच्या सह्या हव्यात म्हणाले. ती मला म्हणाली, “दादा, पंचवीस वर्षं ह्या वावरात राबले. आता मला इचारतात, तुम्ही कोन?”

बंधूंनो, आज घरी गेल्यावर एक काम करा. पेटीतला सातबारा बाहेर काढा आणि घरातल्या बाईला वाचून दाखवा. तिचे नाव त्यात नसेल, तर ते का नाही, हे तिच्यासमोर मोठ्याने सांगून पाहा. सांगताना जीभ अडखळली, तर तिला बरोबर घेऊन तलाठ्याकडे जा.