क्रमशः : एका सवयीचा इतिहास

सकाळच्या शाळेत पहिल्याच तासाला पेंगणारी मुले शिक्षकांना नवी नाहीत. कारण विचारले तर 'घरी पाहुणे होते', 'पाणी पहाटे येते' अशी उत्तरे पूर्वी मिळत. आता बरीच मुले सांगतात, 'मालिका संपवायची होती.' यातले 'संपवायची' हे क्रियापद लक्ष देऊन ऐकण्यासारखे आहे. मालिका ही प्रेक्षकाने संपवायची गोष्ट कधीपासून झाली? पूर्वी भाग आपोआप संपे, पडद्यावर 'क्रमशः' ही अक्षरे येत आणि प्रेक्षक निमूटपणे उठे. हा बदल कसा घडला हे शोधायला फार दूर जायला नको. आमचे बालपण परळच्या चाळीत गेले, आणि या इतिहासाचे बहुतेक टप्पे त्या परिसरात पाहायला मिळतात.

सलग पाहणे ही मुळात नवी गोष्ट नाही. कोकणातून आणि घाटावरून आलेल्या गिरणी कामगारांनी आपली करमणूकही बरोबर आणली होती. नमन-खेळे, दशावतार, गौरीचे जागरण हे सारे रात्र-रात्र चाले. परळमध्ये १९२२ साली दामोदर नाट्यगृह उभे राहिले ते याच कष्टकरी प्रेक्षकांच्या वस्तीत. परंतु या जागरणांना दोन मर्यादा होत्या. ती वर्षातल्या ठराविक रात्रीच होत, आणि उजाडले की खेळ संपे. शिवाय सकाळच्या पाळीचा भोंगा कोणासाठी थांबत नसे.

२ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन केंद्र सुरू झाले. त्याचा वरळीचा मनोरा परळपासून जवळच. सुरुवातीची बरीच वर्षे कार्यक्रम संध्याकाळचे काही तासच असत. चाळीत एखाद्याच बिऱ्हाडी संच असे. गुरुवारी 'छायागीत', शनिवारी मराठी आणि रविवारी हिंदी चित्रपट पाहायला सारा मजला त्या खोलीत लोटे. प्रक्षेपण संपले की पडद्यावर नुसती खरखर उरे. थांबण्याचा निर्णय प्रेक्षकाला घ्यावाच लागत नसे.

१९८२ हे वर्ष गिरणगावाला दोन कारणांनी आठवते. १८ जानेवारीला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि त्यानंतर अनेक भोंगे कायमचे मुके होत गेले. त्याच वर्षी १५ ऑगस्टला दूरदर्शनचे रंगीत राष्ट्रीय प्रक्षेपण सुरू झाले. पाठोपाठ व्हिडिओ पसरला. गणेशोत्सवात किंवा सत्यनारायणाच्या पूजेनिमित्त वर्गणी काढून रात्रीपुरता व्हिडिओ भाड्याने आणायचा आणि चाळीच्या पटांगणात ओळीने तीन चित्रपट पाहायचे, ही पद्धत अनेकांच्या आठवणीत असेल. भाडे रात्रीचे, म्हणून रात्र 'वसूल' करायची! आज आपण जिला नवी सवय म्हणतो, तिचे हे घरगुती रूप होय.

मालिकेची वाट मात्र उलट दिशेने जात होती. 'हम लोग' (१९८४) या मालिकेने भारतीय प्रेक्षकाला वाट पाहायला शिकवले. २५ जानेवारी १९८७ रोजी 'रामायण' सुरू झाले तेव्हा आम्ही प्राथमिक शाळेत होतो. रविवारी सकाळी चाळीचा जिना ओस पडे. तो भाग संपला की उरलेला आठवडा शाळेच्या मधल्या सुट्टीत आणि नळावरच्या रांगेत त्याची चर्चा चाले. कथा सर्वांना पाठ होती, तरीही उत्सुकता कमी होत नसे. ७८ भागांची ही मालिका पुरी व्हायला ३१ जुलै १९८८ उजाडला.

पुढे केबल आली, खासगी वाहिन्या आल्या. १९९७ मध्ये दूरदर्शनवर 'दामिनी' ही दैनंदिन मराठी मालिका सुरू झाली आणि आठवड्याची वाट एका दिवसावर आली. जाहिरातींचे उत्पन्न रोजच्या प्रेक्षकावर अवलंबून, त्यामुळे मालिका लांबवण्यात वाहिनीचा फायदा होता. 'चार दिवस सासूचे' ही मालिका तर तीन हजारांहून अधिक भाग चालली. कथा पुढे सरकली नाही तरी चालेल, पण उद्या प्रेक्षक आला पाहिजे, हे तिचे गणित होते.

इंटरनेटवरील सेवांनी हे गणित बदलले. नेटफ्लिक्सने १ फेब्रुवारी २०१३ रोजी 'हाऊस ऑफ कार्ड्स'चे सर्व १३ भाग एकाच दिवशी खुले केले. त्याआधी, २०१२ मध्येच, एक भाग संपताच पुढचा आपोआप सुरू करण्याची सोय तिने आणली होती. २०१६ च्या जानेवारीत ही सेवा भारतात आली आणि त्याच वर्षी मोबाइलवरचा डेटा स्वस्त झाला. आता उत्पन्न वर्गणीतून येऊ लागले. जाहिरातीच्या विश्रांतीची, आधीच्या कथेची उजळणी करण्याची, भागाची लांबी मोजून-मापून ठेवण्याची गरज कमी झाली. मुख्य म्हणजे 'थांबा' असे सांगणारे कोणीच उरले नाही.

याचा परिणाम काय? १९२० च्या दशकात बर्लिनमध्ये ब्लूमा झायगार्निक आणि मारिया ओव्हस्यांकिना या दोघींनी अपूर्ण कामांवर प्रयोग केले. अपूर्ण काम अधिक लक्षात राहते, हा झायगार्निक यांचा निष्कर्ष पुढच्या प्रयोगांत नेहमी टिकला नाही. परंतु अर्धवट सोडलेले काम पुन्हा हाती घेण्याची ओढ, जी ओव्हस्यांकिना यांनी दाखवली, ती बरीच पक्की ठरली. उत्कंठेच्या टोकावर तोडलेला भाग हे असेच अर्धवट काम होय. 'क्रमशः' ही ओढ आठवडाभर जपून ठेवी. आपोआप सुरू होणारा भाग ती काही सेकंदांत फेडतो आणि लगेच नवी निर्माण करतो.

बेल्जियममधील ४२३ तरुणांच्या पाहणीत (२०१७) सलग पाहणाऱ्यांची झोप कमी प्रतीची आढळली. अंथरुणावर पडल्यावरही मन कथेत गुंतून जागे राहते, हे त्याचे एक कारण दिसले. अर्थात झोप न येणारेच जास्त पाहत असतील, ही शक्यता अशा पाहणीतून पूर्णपणे दूर होत नाही. त्याच वर्षी मेलबर्नमधील एका छोट्या प्रयोगात एकाच मालिकेचे सहा भाग काहींना सलग, काहींना रोज एक आणि काहींना आठवड्याला एक असे दाखवले. सलग पाहणाऱ्यांना दुसऱ्या दिवशी सर्वाधिक आठवले, पण काही महिन्यांत त्यांचेच विस्मरण सर्वात जास्त झाले. त्यांना आनंदही कमी मिळाला. परीक्षेच्या आदल्या रात्री घोकणाऱ्या मुलांचा अनुभव असलेल्या शिक्षकांना यात नवल वाटणार नाही. अंतर ठेवून केलेला अभ्यास अधिक टिकतो, हे एबिंगहाऊस यांनी १८८५ मध्येच नोंदवले होते.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदीत 'रामायण' पुन्हा दाखवले गेले, या वेळी रोज. जे पाहायला आम्हांला दीड वर्ष लागले, ते आमच्या घरातल्या मुलांनी काही आठवड्यांत संपवले. मालिका तीच, फरक मधल्या दिवसांचा. त्या दिवसांत आम्ही कागदाचे मुकुट आणि काठ्यांची धनुष्ये करून जिन्यात युद्धे लढलो होतो. कथा आमच्यात मुरली ती त्या रिकाम्या आठवड्यांत, असे आता वाटते.

मुलांना नुसता उपदेश करण्यापेक्षा एक प्रयोग करून पाहावा. आठवडाभर प्रत्येकाने किती भाग पाहिले, कधी झोपलो, सकाळी कसे वाटले याची नोंद ठेवावी. पुढच्या आठवड्यात पुढचा भाग आपोआप सुरू होण्याची सोय बंद करून तीच नोंद करावी आणि दोन्ही तक्ते वर्गात ताडून पाहावेत. आजी-आजोबांना त्यांच्या जागरणांविषयी विचारावे. गिरणीचा भोंगा परत येणार नाही, आणि यावा असेही नाही. पण थांबण्याची खूण बाहेरून मिळेनाशी झाली, की ती आपली आपणच ठरवायला शिकावे लागते.