मेंदूमृत्यू आणि अवयवदान : वैद्यकशास्त्र, कायदा व ख्रिस्तसभेची शिकवण

अपघातात डोक्याला जबर मार बसलेला तरुण अतिदक्षता विभागात असतो. व्हेंटिलेटरच्या साहाय्याने त्याची छाती वर-खाली होत असते, अंग उबदार असते, हृदयाचे ठोके पडद्यावर दिसत असतात. अशा वेळी डॉक्टर सांगतात, ‘तुमच्या मुलाचा मेंदूमृत्यू झाला आहे. तुम्ही अवयवदानाचा विचार कराल काय?’ आईवडिलांच्या हाती काही तासच उरलेले असतात आणि मनात दोन प्रश्न उभे राहतात. हा खरोखरच मेला आहे काय? आणि आपली श्रद्धा या दानाला अनुमती देते काय? दोन्ही प्रश्नांची उत्तरे संकटाच्या घटकेपूर्वीच प्रत्येक ख्रिस्ती कुटुंबाला ठाऊक असावीत, या हेतूने ही माहिती येथे संकलित केली आहे.

प्रत्यारोपणाचा इतिहास

मानवी मूत्रपिंडाचे पहिले दीर्घकाळ यशस्वी प्रत्यारोपण २३ डिसेंबर १९५४ रोजी अमेरिकेतील बोस्टन येथे डॉ. जोसेफ मरे यांनी केले. दाता व रुग्ण हे एकसारखे जुळे भाऊ होते. त्यामुळे रुग्णाच्या शरीराने नवे मूत्रपिंड परके मानले नाही. डॉ. मरे हे श्रद्धावंत कॅथोलिक होते. त्यांना १९९० साली नोबेल पारितोषिक मिळाले.

इतर रुग्णांच्या बाबतीत मात्र शरीराची रोगप्रतिकारशक्तीच आड येत असे. जंतूंना ओळखून नष्ट करणारी ही शक्ती दुसऱ्याच्या अवयवावरही तुटून पडते. ऐंशीच्या दशकात सायक्लोस्पोरिन हे औषध प्रचारात आल्यावर हा अडथळा बराचसा दूर झाला. आजही प्रत्यारोपण झालेल्या रुग्णाला अशी औषधे जन्मभर घ्यावी लागतात.

३ डिसेंबर १९६७ रोजी दक्षिण आफ्रिकेतील केपटाऊन येथे डॉ. ख्रिस्तियान बर्नार्ड यांनी मानवी हृदयाचे पहिले प्रत्यारोपण केले. त्यानंतर अवघ्या अडीच महिन्यांत, १६ फेब्रुवारी १९६८ रोजी, मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. पी. के. सेन यांनी भारतातील पहिले हृदय प्रत्यारोपण केले. रुग्ण काही तासच जगला. त्या वेळी आपल्या देशात मेंदूमृत्यूची कायदेशीर व्याख्याच नव्हती.

मेंदूमृत्यू म्हणजे काय?

मेंदूच्या तळाशी, पाठीच्या कण्याला जोडणारा जो भाग असतो त्याला ब्रेनस्टेम म्हणतात. श्वासोच्छ्वासाचे व जागृतीचे केंद्र तेथेच आहे. डोक्याला मार लागल्याने किंवा मेंदूत रक्तस्राव झाल्याने मेंदूला सूज येते. कवटी हाडांची असल्याने सुजेला वाव मिळत नाही, आतील दाब वाढतो व मेंदूचा रक्तपुरवठा थांबतो. प्राणवायूविना मेंदूच्या पेशी काही मिनिटांतच नष्ट होतात व त्या पुन्हा निर्माण होत नाहीत.

मग हृदय कसे चालते? हृदयाला ठोक्यांची स्वतःची अंगभूत यंत्रणा आहे. व्हेंटिलेटरने प्राणवायू मिळत राहिला की ते काही काळ धडधडत राहते. हा श्वास यंत्राचा असतो, रुग्णाचा नव्हे.

कोमा व मेंदूमृत्यू या दोन अवस्थांत कधीही गल्लत होता कामा नये. कोमातील रुग्ण जिवंत असतो व तो शुद्धीवर येऊ शकतो. के. ई. एम. रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग १९७३ साली झालेल्या हल्ल्यानंतर २०१५ साली निधन होईपर्यंत अचेतनप्राय अवस्थेत होत्या. परंतु त्या स्वतः श्वास घेत होत्या. त्यांचा मेंदूमृत्यू झालेला नव्हता. अशा रुग्णांची सेवाशुश्रूषा करणे हे आपले कर्तव्य आहे. त्यांना अवयवदाता मानणे हा घोर अपराध ठरेल.

कायद्याने घातलेली बंधने

मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा १९९४ साली संमत झाला व ४ फेब्रुवारी १९९५ पासून महाराष्ट्र, गोवा व हिमाचल प्रदेश या राज्यांत लागू झाला. २०११ साली त्यात दुरुस्ती झाली व २०१४ साली नवे नियम आले. त्यातील महत्त्वाच्या तरतुदी अशा :

१. मेंदूमृत्यूचे प्रमाणपत्र चार डॉक्टरांचे मंडळ देते. त्यात रुग्णालयाचे प्रमुख डॉक्टर, एक स्वतंत्र तज्ज्ञ, मेंदूविकारतज्ज्ञ किंवा मेंदू शल्यविशारद व रुग्णावर उपचार करणारे डॉक्टर यांचा समावेश असतो. प्रत्यारोपण करणाऱ्या चमूतील डॉक्टरांना त्यात स्थान नसते.

२. चाचण्या किमान सहा तासांच्या अंतराने दोन वेळा केल्या जातात. डोळ्यांच्या बाहुल्यांवर प्रकाश टाकून पाहणे, घशातील प्रतिक्षिप्त क्रिया तपासणे, तसेच व्हेंटिलेटर काही वेळ अलग करून रुग्ण स्वतः श्वास घेतो की नाही हे पाहणे यांचा त्यात समावेश असतो.

३. कुटुंबीयांची लेखी संमती घेतली जाते. दाता अज्ञान असल्यास आई किंवा वडील संमती देऊ शकतात.

४. अवयव काढण्याचा खर्च दात्याच्या कुटुंबाकडून घेता येत नाही.

५. अवयवांची खरेदी-विक्री करणाऱ्यास पाच ते दहा वर्षे कारावास व वीस लाख ते एक कोटी रुपये दंड होऊ शकतो.

मिळालेले अवयव प्रतीक्षायादीनुसार देण्याचे काम मुंबईत विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्र करते. नेत्रदानाला मात्र मेंदूमृत्यूची अट नाही. घरी नैसर्गिक मृत्यू झाला तरी सुमारे सहा तासांच्या आत नेत्रपेढीला कळविल्यास ते करता येते.

ख्रिस्तसभेची शिकवण

पोप पायस बारावे यांनी २४ नोव्हेंबर १९५७ रोजी भूलतज्ज्ञांपुढे केलेल्या भाषणात दोन गोष्टी स्पष्ट केल्या. असाधारण उपचार चालू ठेवण्याचे नैतिक बंधन नाही, आणि मृत्यूचा नेमका क्षण ठरविणे हे डॉक्टरांचे काम आहे.

पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९५ च्या ‘एव्हान्जेलियुम व्हीते’ या विश्वपत्रात नैतिकदृष्ट्या योग्य रीतीने केलेल्या अवयवदानाचा गौरव केला. २९ ऑगस्ट २००० रोजी रोम येथील प्रत्यारोपण तज्ज्ञांच्या परिषदेत त्यांनी सांगितले की, संपूर्ण मेंदूचे कार्य कायमचे थांबल्याचा निकष काटेकोरपणे लावल्यास तो मानवी व्यक्तीविषयीच्या योग्य विचाराशी विसंगत ठरत नाही. ‘कॅथोलिक ख्रिस्तसभेचा धर्मसिद्धांत’ या ग्रंथाच्या २२९६ व्या परिच्छेदानुसार मरणोत्तर अवयवदान हे उदात्त व पुण्यप्रद कृत्य आहे. मात्र दात्याची किंवा त्याच्या वतीने बोलणाऱ्यांची संमती आवश्यक आहे.

पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी ७ नोव्हेंबर २००८ रोजी सावधगिरीचा इशारा दिला : महत्त्वाचे अवयव मृतदेहातूनच घ्यावेत, आणि मृत्यूविषयी शंका असल्यास खबरदारीचेच तत्त्व पाळावे. काही कॅथोलिक डॉक्टर व तत्त्वचिंतक मेंदूमृत्यूच्या निकषांवर आजही आक्षेप घेतात. म्हणूनच कुटुंबाने डॉक्टरांना प्रश्न विचारणे, दोन्ही चाचण्या झाल्याची खात्री करून घेणे यात अश्रद्धा नाही, तो त्यांचा हक्क आहे. कोणाच्याही दबावाखाली संमती देऊ नये. संमती न देणाऱ्यांना दोषही देऊ नये, कारण जबरदस्तीने घेतलेले दान हे दानच नव्हे.

भाविकांच्या मनातील शंका

‘अवयव काढल्यास शेवटच्या दिवशी शरीराचे पुनरुत्थान कसे होईल?’ असे काही वृद्ध मंडळी विचारतात. पुनरुत्थान परमेश्वराच्या सामर्थ्याने होते, कबरीतील अवयवांच्या मोजदादीने नव्हे. रक्तसाक्ष्यांपैकी कित्येकांना जाळण्यात आले, हिंस्र श्वापदांपुढे टाकण्यात आले. त्यांच्या पुनरुत्थानाविषयी ख्रिस्तसभेने कधीही शंका घेतली नाही.

‘मृतदेहाची विटंबना होते काय?’ नाही. शस्त्रक्रियेनंतर टाके घालून देह सन्मानाने कुटुंबाच्या स्वाधीन केला जातो व अंत्यविधी नेहमीप्रमाणे करता येतो.

एक सूचना अगत्याची आहे. संस्कार जिवंतांसाठी असतात. म्हणून रुग्ण गंभीर असल्याचे कळताच, मेंदूमृत्यूच्या चाचण्यांची वाट न पाहता, धर्मगुरूंना रुग्णाभ्यंगासाठी बोलवावे. मृत्यूविषयी शंका असेल तरीही हा संस्कार देता येतो. अवयवदानाच्या धावपळीत कुटुंबाला प्रार्थनेसाठी व निरोपासाठी वेळ मिळावा, अशी विनंती रुग्णालयाला अवश्य करावी.

मूत्रपिंडे निकामी झालेले अनेक रुग्ण आठवड्यातून दोन-तीनदा, प्रत्येक वेळी सुमारे चार तास, डायलिसिसच्या यंत्राला जोडलेले असतात. एका दात्याची दोन मूत्रपिंडे अशा दोघांना त्या यंत्रापासून मुक्त करू शकतात. आपली इच्छा काय आहे हे घरातील प्रत्येकाने एकमेकांना आजच सांगून ठेवावे. कारण उद्या तो निर्णय शोकाकुल आप्तांना घ्यावा लागेल, आणि आपली इच्छा ठाऊक असल्यास त्यांच्या मनावरचा भार पुष्कळ हलका होईल.