सेकंड लाइफमधील फिरती व्हिडिओ-यादी

२००३ मध्ये खुल्या झालेल्या ‘सेकंड लाइफ’ या आभासी जगात, आपल्या जमिनीच्या तुकड्यावरील पडद्यावर व्हिडिओ एकामागून एक, पुन्हा पुन्हा दाखवण्याची सोय. तिची स्क्रिप्ट लिंडेन स्क्रिप्टिंग लँग्वेजमध्ये लिहितात. व्हिडिओंचे वेब-पत्ते एका यादीत ठेवतात. मोजणी शून्यापासून होते. पुढच्या क्रमांकाला एकूण संख्येने भागून बाकी घेतली, की शेवटच्यानंतर आपोआप पहिला लागतो. एकच व्हिडिओ फिरवायचा तर तयार ‘लूप’ आज्ञा पुरते.

खरी गोम वेगळीच आहे. व्हिडिओ प्रत्येक प्रेक्षकाच्या संगणकावर चालतो, त्यामुळे तो संपल्याची वर्दी स्क्रिप्टला मिळत नाही. म्हणून प्रत्येकाची लांबी आधीच लिहून टायमर लावावा लागतो. उशिरा आलेल्यांसाठी घड्याळाचा आधार घेता येतो. समजा, १८०, २४० व ३०० सेकंदांचे तीन व्हिडिओ आहेत; सेकंदांत मोजल्या जाणाऱ्या युनिक्स-वेळेला एकूण लांबीने, म्हणजे ७२० ने, भागून बाकी २०० आली, तर दुसरा व्हिडिओ विसाव्या सेकंदापासून लावायचा.

पडदा कोराच राहिला तर आधी मालकी तपासावी. स्क्रिप्टची वस्तू जमीनमालकाच्याच नावावर लागते. जमीन गटाची असेल तर वस्तूही गटाच्या नावे करावी लागते. नवशिके नेमके हेच विसरतात.