जेटमधली तार

जानेवारी १९७४. नाना पेठेतल्या स्पेअर पार्टच्या दुकानांची दारं नुकती उघडू लागली आहेत आणि तुम्ही एक जावा ढकलत आणता आहात. किरमिजी रंग, टाकीच्या बाजूंना क्रोम, दोन्हीकडे एकेक लांब सायलेन्सर. रस्ता सायकलींचा आहे. मधूनच एखादा टांगा, एखादी लॅम्ब्रेटा. तुम्ही ज्या काळातून आलात तिथे या गाडीला 'व्हिंटेज' म्हणतात आणि तिच्या शेजारी उभं राहून लोक फोटो काढतात. इथे ती नुसती जुनी गाडी आहे, आणि उद्या सकाळी तिच्यावरूनच तुम्हाला कामावर जायचं आहे.

नवी घ्यावी, असं इथे कुणाच्या पटकन मनात येत नाही. बजाजच्या स्कूटरसाठी नंबर लावून लोक वर्षानुवर्षं वाट बघतात. म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यातून याच जातीच्या गाड्या आता 'येझदी' नावाने बाहेर पडू लागल्या आहेत, पण रस्त्यावर अजून सगळीकडे जावाच दिसते. आणि पेट्रोल? गेल्या ऑक्टोबरात अरब देशांनी तेल आवळलं. तीन डॉलरच्या आसपास मिळणारं कच्च्या तेलाचं पिंप आता बाराच्या घरात पोचलं आहे. इथले भाव चढले तेव्हा, नोव्हेंबरात, अटलबिहारी वाजपेयी बैलगाडीतून संसदेत गेले. गॅरेजात येणारा प्रत्येक जण सध्या एकच मागणी करतो : ॲव्हरेज वाढवून द्या.

उस्ताद पोत्यावर बसून चहा पितो आहे. गाडीकडे आधी बघतो, मग तुमच्याकडे.

"काय होतंय?"

"चढाला दम सोडते. काल कात्रजला मधेच अडकल्यासारखी झाली, बंद पडली. गार झाल्यावर चालू झाली."

"गार झाल्यावर." त्याने कप खाली ठेवला. "ॲव्हरेजसाठी कुणाकडं दाखवली होती?"

तुम्ही मान हलवता. तो पुढे विचारत नाही.

जावाला किकचा आणि गिअरचा दांडा एकच. आत दाबून फिरवला की किक, मारून झाली की तोच पुन्हा गिअर. उस्तादाच्या दुसऱ्या किकला इंजिन लागतं. तो ॲक्सिलरेटर पिळतो. आवाज वर चढतो आणि मधेच कोरडा पडतो, पोकळ होतो. आता तो हवेच्या तोंडावर अर्धा तळहात धरतो. हवा कमी झाली, तशी गाडी सुधारली. तुमच्या लक्षात येतं का, त्याने काय विचारलं आणि गाडीने काय उत्तर दिलं? हवा अडवल्यावर इंजिन खुलत असेल, तर त्याला पेट्रोल कमी पडतं आहे. कुठलंही यंत्र न लावता निदान झालं.

कॉक बंद होतो, पाइप निघतो, केबलीसकट स्लाइड वर ओढून बाजूला टांगली जाते. दोन नट सुटतात आणि कार्बुरेटर तुमच्या हातात येतो. मुठीत मावणारा, अपेक्षेपेक्षा जड. मूळ आराखडा चेकोस्लोव्हाकियातल्या जिकोव्हचा. घासलेटाच्या परातीत तो धुतला जातो आणि त्याच्या अंगावरचा तेलकट काळा थर सुटतो.

फ्लोट पितळेचा आहे. उस्ताद तो कानाशी धरून हलवतो. आत पेट्रोल शिरलं असेल तर खुळखुळतं, फ्लोट जड होतो, नीट तरंगत नाही, आणि मग कार्बुरेटर ओव्हरफ्लो होतो. खात्री करायची तर तो गरम पाण्यात बुडवायचा. भोक असेल तिथून बुडबुडे निघतात. तुमचा फ्लोट कोरडा निघतो. फ्लोटच्या सुईचं टोक तो नखावर फिरवून बघतो, तिच्यावर कडं पडलंय का ते. थोडं आहे, चालण्याइतकं.

मग मेन जेट. पितळेचा एवढासा तुकडा, मधे केसाएवढं भोक. उस्ताद तो उजेडाकडे धरतो आणि तुमच्या हातात देतो. भोकातून आरपार दिसायला हवं तो गोल ठिपका नाही. अर्धचंद्रासारखं काहीतरी आहे. भोकात तांब्याची बारीक तार बसवली आहे.

हीच ती ॲव्हरेजची करामत. भोक लहान झालं, पेट्रोल कमी जायला लागलं, पहिले चार दिवस गिऱ्हाईक खूश. पण या इंजिनात पिस्टनला आणि क्रँकला वेगळं ऑइल मिळत नाही. पेट्रोलात वीस-पंचवीस भागांना एक भाग ऑइल मिसळतो, तेवढंच. जेटचं भोक आवळलं म्हणजे पेट्रोलासोबत वंगणही आवळलं. वर पातळ मिश्रण गरम जळतं, आणि वाफ होताना पेट्रोल जो गारवा देतं तोही घटतो. पिस्टन फुगतो, ऑइल अपुरं, चढावर इंजिन पूर्ण जोरात. पिस्टन सिलिंडरला धरतो. काल कात्रजला तुम्ही जे 'अडकल्यासारखं' म्हणालात ते हेच होतं. गार झाल्यावर पिस्टन आकसला आणि सुटला. पुढच्या वेळी सुटेलच असं नाही. भाव वाढले की माणूस इंजिनाच्या तोंडचं काढायला बघतो, हे मला समजतं. पण टू-स्ट्रोकच्या बाबतीत ही काटकसर नाही, बोअरचा आणि पिस्टनचा खर्च पुढे ढकलणं आहे.

उस्ताद तार ओढून काढतो. जेटच्या भोकात तो पोलादी तार किंवा सुई कधीच घालत नाही; पितळ मऊ असतं, एक ओरखडा गेला तरी माप बिघडतं. जेट घासलेटातून काढून तो तोंडाने फुंकतो, मग सायकलच्या पंपाने हवा मारतो. तरीही त्याचं समाधान होत नाही. तार बसवताना आधीच्याने भोक कोरलं असेल तर? पोऱ्याला समोरच्या दुकानात पाठवून तो त्याच आकड्याचा नवा जेट मागवतो, आणि दोन्ही उजेडात शेजारी शेजारी धरतो. जुना बाजूला जातो.

पॅकिंग कापायला पोऱ्याच्या हातात कात्री दिसत नाही. तो फ्लँजवर जाड कागद ठेवतो आणि गोल डोक्याच्या हातोडीने कडेकडेने हलके ठोकत जातो. कागद धारेवर आपोआप तुटतो, भोकंसुद्धा जागच्या जागी पडतात. त्याआधी उस्तादाने फ्लँज काचेवर पॉलिश पेपर ठेवून घासून घेतलेला असतो. वर्षानुवर्षं नट जास्त आवळल्याने तो वाकतो, फटीतून चोरून हवा शिरते, आणि मग कितीही स्क्रू फिरवा, आयडलिंग लागत नाही. ट्यूनिंगची निम्मी भांडणं या फटीत असतात.

तो जुळवाजुळव करतो तोवर तुम्ही आणखी मागे जाऊन या. १८८५, श्टुटगार्टजवळचं कान्श्टाट. गॉटलीब डाइमलरच्या बंगल्याच्या बागेतलं काचघर. इथे डाइमलर आणि विल्हेल्म मायबाख इतक्या गुपचूप काम करतात की माळ्याला ते खोटी नाणी पाडतात असा संशय आला. पोलिसांनी झडती घेतली आणि त्यांना फक्त इंजिनं सापडली. लाकडी सांगाड्याची एक दुचाकी उभी आहे, २६४ सीसी, जेमतेम अर्धी अश्वशक्ती. तिचा कार्बुरेटर म्हणजे पेट्रोलाच्या पृष्ठभागावरून हवा ओढणारं भांडं. हलका अंश आधी उडून जातो, जड अंश तळाशी उरतो. म्हणजे टाकी भरल्यावर मिश्रण एक आणि तासाभराने दुसरं. १८९३ साली मायबाखनेच फवाऱ्याचा कार्बुरेटर आणला. हवेची वाट एका ठिकाणी अरुंद करायची; तिथे हवा वेगाने जाते, तिचा दाब उतरतो, आणि जेटमधून पेट्रोल वर ओढलं जाऊन उडतं. शेजारी फ्लोट पेट्रोलाची पातळी राखतो. अठराव्या शतकात बर्नुली आणि व्हेंचुरी यांनी पाण्याच्या नळ्यांवर जे ओळखलं होतं, ते इथे इंजिनाच्या कामी आलं.

आणि प्रमाण बघा. एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला साधारण पावणेपंधरा किलो हवा लागते. आकारमानात, एका लिटरला सुमारे नऊ हजार लिटर. एका लहानशा भोकाला, एका निमुळत्या सुईला आणि एका कापलेल्या नळकांड्याला हे प्रमाण गार इंजिनात, गरम इंजिनात, उतारावर, चढावर सांभाळायचं असतं. त्या तुकड्यांना काहीच कळत नाही. ते फक्त मापाचे असतात. या साधेपणावर माझा फार जीव आहे.

परत नाना पेठेत. स्लाइडमधली सुई काढून उस्ताद तुम्हाला दाखवतो. तिच्या डोक्याशी खाचा आहेत आणि क्लिप सगळ्यात वरच्या खाचेत बसवली आहे. क्लिप वर, म्हणजे सुई खाली, म्हणजे अर्ध्या ॲक्सिलरेटरलाही पेट्रोल कमी. आधीच्याने दोन्हीकडून पोट मारलं होतं. क्लिप मधल्या खाचेत येते.

नवशिक्याचा नेहमी एक गोंधळ होतो : मिसिंग आलं की तो हाताशी लागेल तो स्क्रू फिरवतो. उस्ताद आधी ॲक्सिलरेटरची मूठ विचारतो. मूठ नुसती सुटी असताना बिघाड असेल तर पायलट जेट आणि एअर स्क्रू. जरा उघडल्यावर असेल तर स्लाइडचा तिरपा काप. पाव ते पाऊण मुठीत सुई. त्याच्या वर मेन जेट. मुठीवर खडूने खुणा केल्या की गाडी चालवताना कळतं, दोष कुणाच्या हद्दीत आहे.

इंजिन लागतं. टिकलरचं बटण दाबल्यावर पेट्रोल बोटावर येतं, तो वास ओळखीचा वाटतो. पाच मिनिटं इंजिन गरम होऊ द्यायचं. गार इंजिनावर केलेलं ट्यूनिंग दुपारपर्यंत टिकत नाही. मग उस्ताद पेचकस एअर स्क्रूवर ठेवतो आणि तुम्हाला खाली बसवतो.

"ऐका."

स्क्रू आत जातो. हवा कमी होते, मिश्रण दाट होतं, आवाज जडावतो, ठोके अडखळतात, मागून धूर वाढतो. स्क्रू बाहेर येतो. ठोके जवळ येतात, आवाज मोकळा होतो, वेग चढतो. अजून बाहेर काढला की तो पुन्हा ढासळतो, विस्कळीत होतो. या दोन्हींच्या मधे एक जागा आहे जिथे इंजिन सगळ्यात पळतं. तिथून उस्ताद स्क्रू किंचित आत घेतो, मग आयडलिंगचा स्क्रू सैल करून वेग खाली आणतो, आणि पुन्हा एअर स्क्रू. दोन्ही एकमेकांना हलवतात, म्हणून आळीपाळीने. पहिल्यांदा तुम्हाला फरक कळत नाही. तिसऱ्या फेरीला कळतो, आणि एकदा कळला की आवाजात दुसरं काही ऐकूच येत नाही. तुमच्या काळात हे काम सेन्सर आणि इंजेक्टर करतात, २०२० च्या एप्रिलमध्ये बीएस-सहा आल्यावर तर नव्या गाड्यांमधून कार्बुरेटर जवळपास गेलाच. ते उत्तम करतात, हवाही कमी बिघडते. पण ऐकायला बसवणारं कुणी उरलं नाही, हे नुकसान खरं आहे.

खरी परीक्षा घाटात. नवा प्लग लावून तुम्ही पुढे, उस्ताद मागे. स्वारगेट मागे पडतं, कात्रजचा चढ सुरू होतो. तिसऱ्या गिअरमध्ये मूठ पूर्ण पिळलेली, टाकीखालून दोन्ही सायलेन्सरांचा एकत्र आवाज, खडीवरून येणारा वारा डोळ्यांत. जिथे काल ती अडकली ते वळण येतं आणि जातं. बोगद्याच्या अलीकडे उस्ताद खांद्यावर थाप मारतो : आता. एकाच वेळी चावी बंद, क्लच आत, आणि गाडी तशीच गडगडत थांबू द्यायची. इंजिन आयडलिंगवर राहू दिलं तर प्लगवरची खूण बदलते. पूर्ण जोरात काय घडत होतं ते टिपायचं आहे.

चिंधीत धरून तो गरम प्लग बाहेर काढतो. पोर्सेलीन पांढरं असतं तर परत फिरून मोठा जेट टाकायचा. काळं, ओलं असतं तर लहान. ते गडद तपकिरी आहे, किंचित जास्तच गडद.

"थोडी दाट आहे का?" तुम्ही विचारता.

"असू द्या. आज हवा गार आहे, जड आहे. मे महिन्यात हवा हलकी झाली की अजून दाट वाटंल. तरी पिस्टनला त्रास नाही. पांढऱ्यापेक्षा काळा बरा."

"पण ॲव्हरेज?"

तो गाडी स्टँडवर घेतो आणि मागचं चाक हाताने फिरवतो. अर्धा फेरा होऊन चाक थांबतं. ब्रेक घासतो आहे. मग तो सायलेन्सरच्या टोकात बोट घालून कार्बनचा थर दाखवतो.

"ॲव्हरेज इथं जातंय. जेटमधून नाही." तो पाना मागतो, ब्रेकचा नट तीन आटे सैल करतो, चाक पुन्हा फिरवतो. या वेळी ते फिरत राहतं. "रविवारी सायलेन्सर काढून आणा. कॉस्टिक सोड्यात टाकू. आणि ऑइल मापून घाला, अंदाजानं नको."

तुम्ही प्लग परत लावता. आधी हाताने, आटे बसेपर्यंत, मग पान्याने.