आधी काय, मग काय

वॉर्डात वीस खाटा आणि सिस्टर एकच. एकाला धाप लागलेली, दुसऱ्याची सलाइन संपत आलेली, तिसरा पाण्यासाठी हाका मारतोय आणि कोपऱ्यातला चौथा काहीच बोलत नाही. ती आधी कुणाकडे जाते? आणि गेल्यावर आधी काय करते? आपल्याला वाटतं, यात शिकायचं ते काय! पण ‘आधी काय, मग काय’ हे ठरवायला माणसाला फार मोठी किंमत मोजून शिकावं लागलं आहे.

नेपोलियनच्या सैन्यात डॉमिनिक लारे नावाचा शल्यचिकित्सक होता. त्याआधी रणांगणावरचे जखमी बहुधा लढाई संपेपर्यंत तसेच पडून राहत. उचलायची वेळ आली की बड्या अधिकाऱ्यांचा मान पहिला. लारेने घोड्यांच्या हलक्या गाड्या थेट रणांगणाजवळ नेल्या आणि नियम घातला की, ज्याची जखम जास्त धोक्याची त्याच्यावर आधी उपचार. हुद्दा पाहायचा नाही. सरदार कण्हत असला तरी शिपायाचा पाय आधी! जखमींच्या या निवडीला पुढे फ्रेंच भाषेतल्या ‘निवडणे’ या क्रियापदावरूनच ‘ट्रायाज’ हे नाव मिळालं. आपल्याकडे सुपात तांदूळ निवडतात ना, तेच. पण माणसांत खडा कुणाला म्हणायचं?

लारेने ‘आधी कोण’ हे सांगितलं. ‘आधी काय’ हा प्रश्न मात्र राहिला होता. ४ नोव्हेंबर १८५४ रोजी फ्लॉरेन्स नाइटिंगेल ३८ परिचारिका घेऊन तुर्कस्तानात स्कुटारीच्या लष्करी इस्पितळात पोचली. क्रिमियाच्या युद्धातले सैनिक तिथे येत होते. त्यातले पुष्कळ जण जखमांनी नव्हे, तर कॉलरा, हगवण आणि तापाने मरत होते. तिने घासायचे ब्रश मागवले, कपडे धुण्यासाठी घर भाड्याने घेतलं, आजाऱ्यांना पचेल असं शिजवण्यासाठी वेगळी चूल मांडली. दिवा घेऊन फिरणारी बाई आपल्याला पाठ्यपुस्तकातून ठाऊक आहे. साबण आणि पातेल्यांचा हिशेब ठेवणारी फारशी ठाऊक नाही.

आणि तरीही मृत्यू थांबेनात. फेब्रुवारी १८५५ मध्ये मृत्यूचं प्रमाण ४२ टक्क्यांवर गेलं. मार्चमध्ये आरोग्य आयोगाची माणसं आली. इस्पितळाखालची तुंबलेली गटारं त्यांनी साफ केली, कोंदट खोल्यांत वारा खेळवला. त्यानंतर हे प्रमाण झपाट्याने उतरलं. लंडनला परतल्यावर नाइटिंगेल विल्यम फार या आकडेतज्ज्ञाबरोबर ते सगळे आकडे घेऊन बसली. १८५९च्या अखेरीस तिचं शुश्रूषेवरचं छोटं पुस्तक निघालं, तेव्हा त्यात पहिल्या जागेवर औषध नव्हतं, अन्नही नव्हतं. होती ती स्वच्छ हवा. स्कुटारीच्या कबरींमधून आलेला क्रम आहे तो.

याच पुस्तकात आणखी एक व्यवहारी गोष्ट आहे. आपण हजर असताना रोग्यासाठी जे करतो, ते आपण नसतानाही होईल अशी तजवीज आधीच करून ठेवायची. शुश्रूषेची आखणी म्हणतात ती हीच.

पुढे शंभरेक वर्षांनी अमेरिकेतल्या व्हर्जिनिया हेंडरसन यांनी माणसाच्या मूलभूत गरजांची यादी केली. एकूण चौदा. पहिली गरज, नीट श्वास घेता येणं. मग खाणंपिणं, मलमूत्र विसर्जन, हालचाल, झोप... आणि अकराव्या क्रमांकावर, आपल्या श्रद्धेप्रमाणे उपासना करता येणं. शौचाच्या भांड्याबरोबर एकाच यादीत प्रार्थना ठेवणारी ही बाई मला कवीला फार जवळची वाटते.

माझ्या अम्मीचं पोटाचं ऑपरेशन झालं तेव्हाची गोष्ट. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी कूस बदलायची, असं कागदावर लिहिलेलं होतं. दुपारी अम्मी काही केल्या डाव्या कुशीवर राहीना. सारखी उलटायला बघायची. सिस्टरने आधी श्वास मोजला, नाडी पाहिली, टाके तपासले. सगळं ठीक. मग वाकून विचारलं, ‘‘अम्मी, दुखतंय का?’’

‘‘नाही गं पोरी. पश्चिम कुठल्या बाजूला?’’

पश्चिम खिडकीच्या बाजूला होती, म्हणजे उजव्या कुशीला. असरच्या नमाजाची वेळ झाली होती. सिस्टरने पाळी बदलली, उशी लावून दिली आणि कागदावर कुशीच्या वेळांपुढे नमाजाच्या वेळाही लिहून ठेवल्या.

आयडा जीन ऑरलँडो या परिचारिकेने १९६१च्या आपल्या पुस्तकात नेमकं हेच मांडलं आहे. रोग्याची चुळबुळ, त्याचा नकार, त्याची चिडचिड ही कदाचित मदतीची हाक असते. तिचा अर्थ परिचारिकेने मनाशी ठरवून टाकायचा नाही, रोग्यालाच विचारून खात्री करायची. जो बोलूच शकत नाही, त्याच्याबाबत काम अवघड होतं. तिथे चेहरा, हाताची मूठ, श्वासाची लय वाचावी लागते. आणि केलेला क्रम टिकत नाहीच. सकाळी वेदना पहिल्या जागेवर असते. दुपारी ताप चढला, धाप लागली की ती खाली सरकते आणि कागद पुन्हा लिहावा लागतो.