भिवंडी तालुका : प्रेक्षणीय व ऐतिहासिक स्थळे

भिवंडी (जि. ठाणे) म्हणजे यंत्रमाग आणि गोदामे, एवढीच ओळख सर्वदूर रूढ आहे. कामवारी नदी व खाडीच्या काठचे हे गाव मात्र जुने बंदर. शिवाजी महाराजांनी १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी घेतली आणि मराठी आरमाराची सुरुवात याच खाडीपट्ट्यात झाली. शहरात दिवाणशाह दर्गा प्रसिद्ध आहे. पाहण्यासारखे बाकी बहुतेक सगळे शहराबाहेर आहे.

त्यात पहिला मान लोनाडचा. येथील टेकडीत अपूर्ण राहिलेले बौद्ध लेणे आहे. त्यातल्या शिल्पपटात राजा, राजस्त्रिया व सेवक दिसतात. ही दानशूर विश्वंतर राजपुत्राची जातककथा असल्याचे अभ्यासक मानतात. लेण्यात आता खंडेश्वरी देवीची पूजा होते. गावातले शिलाहारकालीन शिवमंदिर पडझडीस आले आहे. अंबरनाथच्या देवळाला मिळाली तशी निगा याच्या वाट्याला आली नाही, हे दुर्दैव. शिलाहार राजा अपराजिताच्या शके ९१९ (इ.स. ९९७) च्या ताम्रपटात येथील लोणादित्य या सूर्यदेवतेला भादाणे गाव दिल्याची नोंद आहे. ते भादाणे आजही याच तालुक्यात आहे. जवळच्या चौधरपाड्यात शिलाहार राजा केशिदेव (दुसरा) याचा शके ११६१ चा शिलालेख असलेला गधेगाळ आहे. दान मोडणाऱ्याला अभद्र शाप देण्यासाठी गाढव व स्त्री कोरलेले असे दगड, म्हणजे गधेगाळ, उत्तर कोकणात जागोजागी आढळतात. गावकरी बरेचदा त्यांना शेंदूर फासून पुजतात, आणि त्यामुळेच त्यांतले पुष्कळ टिकले.

मराठ्यांनी पोर्तुगीजांविरुद्ध काढलेल्या वसईच्या मोहिमेशी निगडित दोन स्थळे तालुक्याच्या दोन टोकांना आहेत. खाडीकाठच्या अंजूर गावी नाईकांचा वाडा आहे. पोर्तुगीजांविरुद्ध पेशव्यांकडे दाद मागणारे गंगाजी नाईक याच घराण्यातले. उत्तरेला तानसा नदीजवळ वज्रेश्वरी आहे. वसई सर झाल्यास देऊळ बांधीन, हा नवस चिमाजी अप्पांनी १७३९ च्या विजयानंतर फेडला, अशी परंपरा सांगते. देऊळ टेकडीवर असून तटबंदीमुळे ते गढीसारखे वाटते. पायऱ्यांवर कोरलेल्या कासवाला नमस्कार करून भाविक वर चढतात. खाली अकलोलीची गरम पाण्याची कुंडे आहेत. सुट्टीच्या दिवशी तिथे अंघोळीपेक्षा रांगच मोठी. पलीकडे गणेशपुरीला नित्यानंद स्वामींची समाधी (१९६१) आहे. त्यांचे शिष्य मुक्तानंद यांच्या आश्रमामुळे येथे परदेशी साधकही येतात.

वज्रेश्वरीच्या दक्षिणेला दुगाडजवळ गुमतारा किल्ला आहे. डिसेंबर १७८० मध्ये दुगाडच्या परिसरात इंग्रज-मराठा लढाई झाली. वसईला इंग्रजांचा वेढा पडलेला असताना कर्नल हार्टलीच्या फौजेवर चालून गेलेले मराठा सरदार रामचंद्र गणेश येथेच पडले. गडावर पाण्याची टाकी व तटाचे अवशेष उरले आहेत. रान दाट असल्याने वाटाड्या घेतलेला बरा. मराडेपाडा येथील शिवाजी महाराजांचे मंदिर (२०२५) ही अलीकडची भर.

वसई–दिवा लोहमार्गावर भिवंडी रोड स्थानक आहे. वज्रेश्वरीला वाडा रस्त्याने अंबाडीमार्गे जाता येते. लोनाड नाशिक महामार्गापासून आत आहे. स्वतःचे वाहन असल्यास लेणे, देऊळ व चौधरपाडा एका सकाळीत पाहून होतात. गोदामांच्या अवजड वाहनांमुळे रस्ते तुंबतात, तेव्हा लवकर निघावे.