मेणाचे वजन आणि सोन्याचे गणित

धातू वितळवला, साच्यात ओतला की वस्तू तयार, हे ऐकायला सोपे वाटते. पण घरी लहानसे ओतकाम करणाऱ्याला तीन अडचणी हमखास भेटतात. वस्तूत छिद्रे राहतात, साचा तडकतो किंवा धातू मध्येच संपतो.

या अडचणी जुन्याच आहेत. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर (कारकीर्द ११२६ ते ११३८) याच्या 'मानसोल्लास' या संस्कृत ग्रंथात मूर्ती ओतण्याची कृती दिली आहे. कल्याणी म्हणजे आजचे कर्नाटकातील बसवकल्याण. हिंगोली जिल्ह्यातील कुरुंदा ज्या मराठवाड्यात येते, तो मुलूखही तेव्हा चालुक्यांच्याच राज्यात होता.

वाळूच्या साच्यातून नमुना पुन्हा बाहेर काढावा लागतो. मूर्तीचे वळलेले हात, बोटे त्यात अडकतात आणि साचा ढासळतो. म्हणून मूर्ती मेणाची करायची, तिच्यावर मातीचा लेप द्यायचा आणि मग तापवून मेण काढून टाकायचे. मानसोल्लासातल्या लेपात मातीबरोबर भाताचे जाळलेले तूस, बारीक कातरलेला कापूस आणि थोडे मीठ असते. पहिला थर पातळ, सावलीत वाळवलेला. दोन दिवसांनी दुसरा, तो वाळल्यावर तिसरा जाड.

असे का? पातळ थर बारीक नक्षीत शिरतो. उन्हात माती वरून लवकर आकसते, आत ओलीच राहते आणि तडकते. सावलीत ती सारखी वाळते. कापसाचे तंतू कच्च्या मातीला धरून ठेवतात आणि जळाल्यावर वायूला निसटायला वाटा ठेवून जातात. ओल राहिली तर धोका मोठा. तांबे १०८५ अंश सेल्सिअसला वितळते, आणि पाण्याची वाफ होताना आकारमान सुमारे १७०० पट वाढते. मग वस्तूत छिद्रे पडतात, कधी तप्त धातूच बाहेर उसळतो.

राहिला प्रश्न धातू किती घ्यायचा याचा. ग्रंथ सांगतो, लेपाआधी मेण तोला. चांदी त्याच्या १२ पट घ्या, सोने १६ पट. मेणाची घनता सुमारे ०.९६, चांदीची १०.५. भागाकार ११ च्या आसपास येतो, म्हणजे चांदी पुरून थोडी उरते. सोन्याची घनता १९.३, भागाकार येतो २०. म्हणजे भरीव मूर्तीला १६ पट शुद्ध सोने अपुरे पडेल! तांबे-चांदी मिसळून सोने १८ कॅरटच्या जवळ आणले, तर मात्र हिशेब जुळू लागतो. सोने मिश्र असे, मूर्ती पोकळ असे, की आकडाच ठोकळ होता? एकट्या आकड्यावरून हे ठरत नाही.

पूर्वजांना सगळे ठाऊक होते म्हणणे सोपे, सगळे भाकड म्हणणेही सोपे. आम्हाला तिसरा मार्ग पसंत आहे, तो म्हणजे तोलून पाहण्याचा. वर्गात धातू ओतायचा नाही. मेणबत्तीचा तुकडा, तराजू आणि घनतेचा तक्ता एवढे पुरे. पितळेचा आकडा किती यायला हवा, ते मुलांनाच काढू द्या.